जमीन तुझी, झाडं माझी

२६ ऑगस्ट

इग्नाती,

'प्रिय' लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. तुझ्या घराचा सज्जा मला या खिडकीतून दिसतो. तरी पाकिटाला तिकीट लावून मी ते पेटीत टाकणार आहे. ते बेटाच्या मुख्य शहराला, मितिलिनीला जाईल, तिथे शिक्का खाईल आणि चार दिवसांनी आपल्याच पोस्टमनच्या पिशवीतून तुझ्या दारात येईल. मला मेलबर्नहून परत यायला चोवीस वर्षं लागली, तू चार दिवस थांबायला हरकत नाही.

मी गारिफालिया मावशीच्या माडीवर उतरले आहे. आईच्या बहिणींपैकी तेवढी एकच उरली, आणि तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे आमचं छान जमतं. कॉफीच्या दुकानात तू सांगितलंस म्हणे, ताई सुट्टीला आलीय, महिनाभर राहील. परतीचं तिकीट मी काढलेलंच नाही.

का आले ते सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला एका लेबनीज म्हाताऱ्याचं वाणसामानाचं दुकान आहे. स्ट्रातोस गेल्यावर, नवऱ्याचं सगळं आटोपून झाल्यावर, मी तिथे पहिल्यांदा काहीतरी चैनीचं घेतलं. काळी बाटली, सोनेरी अक्षरं. 'व्रानास कुटुंबाची ऐतिहासिक बाग, १८५१ पासून. एकच कुटुंब, एकच बाग. सेंद्रिय एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल.' आणि खाली डोक्याला रुमाल बांधलेली आई. दुकानातच डोळे भरून आले. म्हाताऱ्याला वाटलं, भाव ऐकून रडतेय.

घरी येऊन चष्मा लावला. आई एका झाडाला टेकून उभी आहे. झाड पोकळ आहे, आत एक माणूस मावेल एवढं. बाबांच्या चपला पळवून आपण दोघं त्यात लपायचो आणि बाबा त्या शोधत फिरायचे. माझं झाड ते. जे वीज पडून जळालं म्हणून तू मला फोनवर सांगितलंस. त्याच्याबरोबर माझी बाकीचीही जळाली, डोंगरउतारावरच्या सगळ्यात वरच्या पायरीपासून खाली घाण्यापर्यंत एक उरलं नाही, असं सांगितलंस. मी रडत होते म्हणून तूही रडलास. मी तुलाच समजावत बसले.

फोटोतली आई मी सोडून गेले तेव्हासारखी नव्हती, बरीच थकलेली होती. म्हणजे आग लागल्यानंतर पुष्कळ वर्षांनी काढलेला फोटो. आणि जळालेल्या झाडाला भरगच्च पानं होती.

तुला रीत ठाऊक आहे. पण तुला विसर पडलेला दिसतो म्हणून लिहिते. आपल्या गावात जमीन मुलग्याला आणि झाडं मुलीला. आजीची झाडं लग्नात आईला आली, आईची मला. माती तुझी, मातीच्या वरचं सगळं माझं. नवा कायदा अशी वाटणी करू देत नाही, पण जुनी झालेली मोडतही नाही. फक्त झाड मेलं की हक्क संपतो आणि जमीन मोकळी होते. म्हणून तुला ती मेलेली हवी होती.

काल सगळीकडे फिरून आले. एकूण एक उभी आहेत. प्रत्येकाच्या बुंध्यावर आजीने कोरलेली फुली आहे, ती खरवडायचेही कष्ट तू घेतले नाहीस. तुझ्या प्रत्येक पायरीवर, प्रत्येक बांधाला माझं एखादं तरी झाड आहे. तुझा गडी फातमीर मला पाणी द्यायला आला आणि विचारत होता, बाई, कोणाला शोधताय? त्याला म्हटलं, कोणाला नाही, सगळे सापडले.

पुढे काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही.

मिर्सिनी


१० सप्टेंबर

इग्नाती,

तुझी बायको येऊन गेली. तू नाही आलास, तिला पाठवलंस. अस्पासियाने बशीतून बिहीफळांचा मुरांबा आणला होता, चमचा, पाण्याचा पेला, सगळं रीतसर. आधी माझे गुडघे विचारले, मग मेलबर्नची हवा विचारली, मग माझ्या पेलागियाचं लग्न विचारलं. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? शेवटी म्हणाली, "वन्सं, झालं गेलं. तुम्ही आकडा सांगा, हे देतील." मी मुरांबा खाल्ला, पाणी प्यायले, बशी धुऊन तिच्या हातात दिली. मुरांबा चांगला होता, तिला सांग.

खरं म्हणजे त्या दिवशी आकडा ऐकला असता मी. तुला म्हणून सांगते. चोवीस वर्षांचं फळ तू खाल्लंस, त्यातलं काही परत दे आणि पुढचं माझं मला दे, इतकंच मनात होतं. भावंडांत असं होतं, लोक विसरतात. मीही विसरले असते कदाचित.

पण अस्पासिया गेल्यावर गारिफालिया मावशी विचारायला लागली, आता ही कशाला आली होती? मी मोठ्याने ओरडून सांगितलं की झाडांचं बोलायला. मावशी बावचळली. म्हणाली, "कुठली झाडं? ती तर तू विकलीस ना इग्नातीला?"

मी म्हटलं, कोण म्हणालं.

"तुझी आईच. तिला इग्नातीने सांगितलं. तू तिकडे घर घेतलंस, पैसे कमी पडले, म्हणून आईची झाडं फुंकून टाकलीस. सहा महिने तिने चर्चचं तोंड बघितलं नाही, लोक विचारतील म्हणून. पुढे तुझं नाव काढू द्यायची नाही कोणाला. मी एकदा काढलं तर मला म्हणाली, माझ्या आईच्या हाडांवर तिने भिंत बांधली."

मला तू आग सांगितलीस आणि तिला विक्री सांगितलीस. मी मघापासून या वाक्याकडे बघत बसले आहे.

आई फोनवर यायची बंद झाली तेव्हा तू म्हणायचास, तिचा घसा बसलाय, तिला दम लागतो, ती झोपलीय. एकदाच आली. आठवतं का तुला, तूच तिच्या हातात रिसीव्हर दिला होतास, नाइलाजाने दिला असशील. तिने विचारलं, "आता तुझं इथे काय उरलंय?" मला वाटलं, ती आगीबद्दल बोलतेय. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "काही नाही गं आई. गेलं ते गेलं. झाडांचं काय एवढं, माणसं धड असली म्हणजे झालं." तिने फोन ठेवला. मला वाटलं, लाइन कटली.

मी तिला धीर देत होते, इग्नाती. त्यानंतर ती मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि मी समजत राहिले की मी परदेशी राहिले म्हणून रागावली असेल.

आता आकडा नाही. आज सकाळी मी शिडी घेऊन गेले आणि फळात अळी घालणाऱ्या माशीसाठी माझ्या झाडांवर तू टांगलेल्या सापळ्याच्या बाटल्या काढल्या. सगळ्या काढल्या, फोडल्या नाहीत, खाली बांधावर ओळीने लावून ठेवल्यात, तुझा माल आहे तो. मितिलिनीतल्या वकिलाची नोटीस तुला उद्या-परवा मिळेल. माझ्या झाडांना सापळा लावायचा नाही, माशी बसू नये म्हणून मारतात ती पांढरी माती शिंपडायची नाही, फांदी छाटायची नाही, पान तोडायचं नाही. मी फळ उतरवणार की नाही हा माझा प्रश्न आहे. मी काहीही करणार नाही. नुसती बसणार आहे.

मिर्सिनी


५ ऑक्टोबर

इग्नाती,

काल अखेर तू स्वतः चढून वर आलास. सज्ज्यातून बघण्यापेक्षा जवळून तू जास्त म्हातारा दिसतोस. केस बाबांसारखे गेलेत. क्षणभर मला वाटलं, बाबाच चपला शोधत आले. तेवढंच, पुढे काही वाटलं नाही.

यंदा सप्टेंबरातच पाऊस झाला आणि मागून ऊब राहिली, हे मी काही केलेलं नाही. एवढा मोठा अधिकार कोणी मला दिला असता तर मी तो आधीच वापरला असता. माशीला असं हवामान मानवतं. माझ्या फळांत तिने घरं केली, तिथून ती तुझ्या फळांकडे सरकली. दोन बोटांत एक ऑलिव्ह दाबून तू मला आतली अळी दाखवलीस. मला काय दाखवतोस, बाबांनी आपल्याला एकत्रच शिकवलं होतं.

काय काय बोललो ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या तू त्याचंही दुसरंच काही सांगायला नको.

तू म्हणालास, "ताई, तुझ्या झाडांतून माशी निघतेय."

मी म्हटलं, "तिला सांग, जमीन तुझी आहे."

तू हसला नाहीस. एके काळी हसला असतास. मग तू म्हणालास की असंच चाललं तर नोव्हेंबरपर्यंत निम्मं फळ किडेल, तेलाला आंबट वास येईल, एक्स्ट्रा व्हर्जिन सोड, साधं व्हर्जिनसुद्धा कोणी म्हणणार नाही. विषारी फवारा मारावा तर सेंद्रियचा शिक्का जाईल, आणि जर्मन लोक शिक्क्यावरच घेतात. शिक्का एकदा गेला की परत मिळायला तीन वर्षं. मला हे सगळं माहीत होतं. तरी तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटलं.

मग तू आवाज खाली आणलास. म्हणालास, तुझ्या झाडांची चोवीस वर्षं निगा कोणी केली, मी नसतो तर काय झालं असतं त्यांचं. हे मात्र कबूल. छाटणी उत्तम आहे. पोकळ झाडाला आतून तू दगड रचून आधार दिलायस, तोही बघितला मी. चोरीच्या म्हशीलाही तू पेंड चांगली घातलीस.

मी विचारलं, आईला तसं का सांगितलंस? तू बांधावर बसलास आणि बराच वेळ बुटाने माती उकरत राहिलास. मग म्हणालास, बागेत फट चालत नव्हती. मोठ्या गिऱ्हाइकाला एकच बाग हवी असते, एकच मालक हवा असतो. मधेमधे बहिणीची झाडं आहेत म्हटलं की उठून जातात. तुला आग सांगितली तर तू येणार नव्हतीस बघायला. आणि आईला आग सांगता येत नव्हती, कारण ती रोज त्याच झाडांखाली बसायची. मग तिला काय सांगायचं?

"एकदा बोलून गेलो, ताई. मग ते मागे घ्यायला जागाच राहिली नाही."

तुझ्या तोंडून आजवर निघालेलं हे बहुधा पहिलं खरं वाक्य. म्हणून मी तुला एक वाट दिली. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आईच्या नावाने प्रार्थना आहे. नंतर चर्चच्या ओसरीवर सगळं गाव उकडलेले गहू आणि कॉफी घेऊन बसेल. तिथे उठायचं आणि सांगायचं की मिर्सिनीने झाडं विकली नव्हती, मी आईशी खोटं बोललो. मी त्याच दिवशी सापळे परत लावून देईन, माझ्या हाताने. माझं फळही तुझ्याच घाण्यात घाल.

तू म्हणालास, "ते सोडून काहीही माग."

"ते सोडून मला काहीच नको."

"मग मी या गावात तोंड कसं दाखवू?"

आई सहा महिने कशी दाखवत नव्हती ते मावशीला विचार. हे तेव्हा सुचलं नाही, आता लिहिते.

मिर्सिनी


१९ ऑक्टोबर

इग्नाती,

सकाळी चढून गेले तर वास आला. आधी वाटलं, कोणी रंग लावतंय. मग खालच्या पायरीवर फातमीर दिसला, नाकातोंडाला ओला रुमाल, पाठीवर पंप. मला बघून तो झाडामागे झाला, जशी काही मी पोलीसच आहे. त्याला उगाच बोलू नकोस, तो एक अक्षर बोलला नाही, फवाऱ्याच्या विषाचा वास मीच ओळखते. मेलबर्नमध्ये मी अकरा वर्षं बागांतून सफरचंदं तोडली आहेत.

पण कौतुक वाटलं तुझं. माझ्या एकाही झाडाला थेंब लागलेला नाही. वारा पडायची वाट बघितलीस, मधल्या झाडांभोवती प्लास्टिकचे पडदे धरायला लावलेस. वकिलाची नोटीस बघून का होईना, माझ्या पानाला पान म्हणून जपलंस. आईने बघितलं असतं तर तिला वाटलं असतं, किती गुणाचा पोरगा.

मी कोणाला सांगणार नाही. कोणालाही फोन करणार नाही, अर्ज करणार नाही. माझ्या स्वभावाला चुगली जमत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तुझं पुढे काय होतं ते दुरून बघायचंय.

रविवार अजून जायचाय.

मिर्सिनी


६ नोव्हेंबर

इग्नाती,

रविवारी तू आलास. पाठीमागच्या खांबाला टेकून उभा होतास. फादरनी आईचं नाव घेतलं तेव्हा तू मान खाली घातलीस, मी बघत होते. गहू वाटायला लागले तोवर तू नव्हतास. अस्पासियाने सांगितलं, डोकं दुखत होतं. मी तुझ्या वाटणीचे गहू कागदात बांधून तिच्याजवळ दिले.

ते झालं. कालचं लिहिते.

तपासनीस बाई येणार हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्या दर वर्षी येतात, बागेत फिरतात, पानं तोडून पिशवीत घालतात, अथेन्सला पाठवतात, आणि त्यावर तुझा शिक्का ठरतो. पानं कुठली तोडायची ते त्यांचं त्या ठरवतात. पण माणूस गप्पा मारत मारत पाहुण्याला हव्या त्या झाडापाशी नेऊ शकतो, तेवढं कसब तुझ्यात आहेच. मी पोकळ झाडासमोरच्या बांधावर बसले होते, रोज बसते तशी. तुमचे आवाज वर येताना ऐकले आणि मला हसू आलं. तुझ्या अख्ख्या ऐतिहासिक सेंद्रिय बागेत विष न लागलेली झाडं कोणती उरली होती? जी तू जाळली होतीस ती.

यंदाच्या तपासनीस बाई म्हणजे पोरगीच, पण हुशार आहे. आल्या आल्या तिने विचारलं, इथे सापळे का नाहीत आणि गवत एवढं का वाढलंय. तू म्हणालास, ही सगळ्यात जुनी झाडं, पूर्वजांची, यांना आम्ही हात लावत नाही. आमच्याकडे असं मानतात. कोण मानतं रे असं? मी साठीला आले, मला कधी कोणी सांगितलं नाही. पोरीने ते वहीत लिहूनही घेतलं. हातमोजे घातले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, तुम्ही घरच्याच का?"

"माझी बहीण," तू घाईने म्हणालास. "परदेशी असते."

मी म्हटलं, "इग्नाती, ही झाडं कोणाची ते बाईंना नीट सांग."

तू माझ्याकडे बघितलंस. खूप वेळ नाही, पण बघितलंस. मी चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. मग तू त्यांच्याकडे वळलास आणि शांतपणे म्हणालास, "माझी. ताईने केव्हाच विकली मला."

आवाज अजिबात हलला नाही. आईला सांगितलंस तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. काल ऐकला.

मग मी बोलले. फार नाही बोलले. "बाई, मी काही विकलेलं नाही. ही माझी झाडं आहेत, बुंध्यावर माझ्या आजीची खूण आहे, वकिलाची नोटीस याच्या घरी पडलीय. याच्या बागेत ही धरू नका. याची पानं हवी असतील तर खालच्या पायरीवरची घ्या." पोरीने खूण बघितली, तुझ्याकडे बघितलं, वहीत लिहिलेलं खोडलं आणि पिशवी उचलून खाली गेली. तू तिच्या मागे गेला नाहीस. उभाच राहिलास.

आता एक सांगते, आणि हे सांगायलाच हे पत्र लिहिते आहे.

तू 'माझ्या बहिणीची आहेत' एवढंच म्हणाला असतास, तर मी म्हणणार होते की भाऊच सांभाळतो हो, त्याच्याच बागेतली धरा, तोडा हवी तेवढी पानं. घरून तसं ठरवूनच निघाले होते. सकाळी मावशीच्या कानाशी ओरडून सांगितलं होतं, विचार तिला. चर्च नको, गाव नको, एका परक्या पोरीसमोर तीन शब्द. तुझा शिक्का राहिला असता, तेल राहिलं असतं, लेबलावरची आई राहिली असती. मला ते तीन शब्द पुरले असते.

की हे मी तुला जाळायला लिहिते आहे आणि मी तसं काहीच म्हणणार नव्हते? मावशीला तर ऐकूच येत नाही. खरं काय ते आता तू ठरवत बस. मला तू आगीचं खरं मानायला लावलंस, आईला विक्रीचं. तुझ्याही वाट्याला एक असू दे, जे खरं की खोटं ते मरेपर्यंत कळणार नाही.

मिर्सिनी


१४ जानेवारी

इग्नाती,

तुझ्या अंगणात गडी बाटल्यांची लेबलं सोलत बसलेत ते खिडकीतून दिसतं. सेंद्रिय नाही, एक्स्ट्रा व्हर्जिन नाही. जर्मनांनी फोनही उचलला नाही म्हणे. आता टँकरवाला येईल आणि सगळं तेल एकत्र ओतून नेईल, कोणाच्या बागेचं, कोणत्या सालापासून, कोणी विचारणार नाही. आईच्या चेहऱ्यांचा ढीग भिंतीशी पडलाय. पावसात भिजवू नकोस. जाळायचा असेल तर जाळ, तुला सवय आहे.

आनंद झाला का, असं विचारशील. झाला. पानांत विष सापडून तुझा शिक्का गेल्याचं कळलं त्या दिवशी मावशीकडे मी उझो दारूचे दोन पेले प्यायले आणि तिला नाचूनही दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर करायला काही नव्हतं. म्हणून जाळी घेऊन माझ्या झाडांखाली गेले.

फळ जवळजवळ सगळं गळून पडलेलं, किडलेलं, काही सडलेलं. मीच ठेवलेलं ते तसं. काठीने उरलंसुरलं झोडपलं, गुडघ्यांवर बसून वेचलं. फातमीर मदतीला येत होता, मी नको म्हटलं. गावच्या घाण्यावर नेलं तेव्हा घाणेवाल्याने पोत्यात हात घातला आणि नाक मुरडलं. तेल निघालं ते गढूळ, वास कुबट. मला म्हणाला, "मिर्सिनीबाई, हे खाऊ नका. कोणाला खायलाही देऊ नका. दिव्यात जळेल, तेवढंच." आजीच्या आईने लावलेली झाडं, गावात ज्यांच्या तेलाची शपथ घालायचे लोक, त्यांचं हे तेल. तुला पाणी पाजायला मी आईच्या झाडांना कीड लावली, याची खंत आहे. तुझी नाही.

दिव्यात जळेल म्हणाला, म्हणून दिव्यासाठी नेलं. आईच्या थडग्यावरचा दिवा रिकामा होता, काच काळी झालेली. तू काय लावतोस तिथे, आणि कधी लावतोस, मला माहीत नाही. काच पुसली, तेल घातलं, वात लावली. किडकं तेलही तेवढंच उजळतं, धूर जरा जास्त होतो. मग मी तिथे बसून तिला सगळं सांगितलं. विकली नाहीत गं. आग लागली म्हणाला तो. मी फोनवर तुझी समजूत घालत होते. तिचं नाव कोरलेल्या दगडाशी मोठमोठ्याने बोलत होते, शेजारच्या थडग्यावर फुलं ठेवायला आलेली बाई उठून गेली. दुसऱ्या दिवशी गेले, परत सांगितलं. तिसऱ्या दिवशीही.

काही होत नाही, इग्नाती. माझ्या मनाला पटतच नाही की तिने ऐकलं. आणि कारण मला कळतं. ती शेवटपर्यंत तुझ्या शब्दावर जगली. तुझ्या एका वाक्यासाठी तिने पोटची पोर टाकली. आता मी कोण येऊन काय सांगते, त्यावर ती का विश्वास ठेवेल? विकणारी बाई आणखी काय सांगणार?

या पत्राला तिकीट लावलेलं नाही. मीच तुझ्या दारात ठेवून जाते आहे, सोबत त्याच तेलाचा डबा. गावासमोर नको, तपासनिसासमोर नको, माझ्यासमोरही नको. एकटा जा. दिवा भर, लाव, आणि तिला सांग. नाही गेलास तर पुढच्या वर्षीही माझ्या फांदीला सापळा लागणार नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही, आणि माझ्यानंतर झाडं माझ्या पेलागियाची होतील. तिला आजीचं नाव दिलंय आणि जीभ माझी आहे.

पण मी धमकी म्हणून सांगत नाही आहे, निदान आज नाही. मी सांगून थकले. तिला ज्या आवाजात खोटं सांगितलंस, त्याच आवाजात खरं सांग. तोच एक आवाज ती ऐकते.

मिर्सिनी